त्रेचाळीस सेकंद आधी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. वाचते आणि मनात म्हणते – वायरिंग लूज असेल, झोप झाली नसेल, वाऱ्याने दार वाजलं असेल. खोटं कशाला बोलू? माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. सातवीत अंधश्रद्धेवरच्या निबंधात माझा तालुक्यात दुसरा नंबर आला होता, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता. तो डबा मी अजून शूटिंगला नेते. आमच्या वाडीत राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, जागेवरून जाताना माणसं चपला हातात घेतात. मी मुद्दाम चपला वाजवत जायचे आणि आईच्या शिव्या खायचे.

तरीही आज लिहिते आहे. कारण ज्या गोष्टीचा उलगडा होत नाही, तिच्यावर लोकांनी सरळ माझ्या चुकीचं लेबल लावलं. ते मला मान्य नाही... अजूनही नाही.

मी कणकवलीच्या आतल्या बाजूच्या एका गावातली. घरी भातशेती आणि थोडे काजू. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली – बीएस्सी, इलेक्ट्रॉनिक्स. बाबांनी माझं सर्टिफिकेट अजून देवघराच्या वर लावलेलं आहे, त्याला गणपतीत हारसुद्धा पडतो. हे शिक्षण झालं त्यात कॉलेजमधल्या आमच्या सरांचा मोठा वाटा आहे. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला माझ्या मीटरचा काटा पुस्तकातल्या आकड्यावर येईना. मी आपला पुस्तकातला आकडा जर्नलमध्ये लिहून टाकला, सगळेच लिहायचे. सरांनी जर्नल समोर धरून विचारलं, "काटा इथे होता?" मी म्हटलं, नाही सर. "मग होता तिथलं लिही. रीडिंग चुकलं तर आपण शोधू का चुकलं. खोटं लिहिलंस तर शोधायचं कुठे?" त्यांनी पान खोडून परत लिहायला लावलं. नंतर कळलं, त्या बोर्डावरचा रेझिस्टरच खराब होता. काटा बरोबरच सांगत होता.

पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

पदवीनंतर मला देशमाने सरांकडे काम मिळालं. ते पुण्याचे, सिनेमाच्या सेटवर आवाज रेकॉर्ड करतात, मी त्यांची असिस्टंट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिनेमात चित्र कॅमेऱ्यात जातं आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर जातो. नंतर दोन्ही जुळवायचे असतात. त्यासाठी प्रत्येक मशीनमध्ये एक चालू घड्याळ असतं – तास, मिनिटं, सेकंद, आणि सेकंदाचे पंचवीस भाग, म्हणजे फ्रेम. याला टाइमकोड म्हणतात. ही घड्याळं हळूहळू मागेपुढे सरकतात, म्हणून सकाळी आणि जेवणानंतर सगळी मशीनं रेकॉर्डरच्या घड्याळाशी मिळवून घ्यायची. याला आम्ही 'जॅम करणं' म्हणतो. प्रत्येक कॅमेऱ्यावर काडेपेटीएवढी डबी चिकटवलेली असते, ती ते घड्याळ धरून ठेवते. जॅम करणं हे असिस्टंटचं काम. ते विसरलं तर पुढे एडिटवर बसलेला माणूस तुमच्या सात पिढ्या आठवतो.

मी ते कधी विसरलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये देवगड तालुक्यात मिठबावला एका छोट्या मराठी सिनेमाचं शूटिंग होतं. किनाऱ्यावरच्या रापणकरांची गोष्ट. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि किनाऱ्यावरून पंचवीस-तीस माणसांनी दोन्ही दोर ओढत ते बाहेर काढायचं. युनिट लहान होतं, दोन कॅमेरे आणि साउंडला सर आणि मी, एवढंच. मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी सरांच्या वडिलांना पुण्यात हॉस्पिटलमध्ये ठेवल्याचा फोन आला. सरांनी रेकॉर्डरची बॅग माझ्या गळ्यात अडकवली आणि म्हणाले, "चार दिवस तू बघ. बघशील ना?" मी हो म्हटलं. त्या रात्री मी घरी फोन केला तेव्हा बाबांना एवढंच कळलं की सरांनी मशीन लेकीच्या ताब्यात दिलं. त्यांनी शेजाऱ्यांना उठवून ते सांगितलं.

मुहूर्ताला नारळ फोडून गाऱ्हाणं घालायचं ठरलं आणि तेच पहिलं दृश्य म्हणून शूट करायचं. गाऱ्हाणं घालायला गावातले सहदेवतातू. सत्तरीच्या पुढचे, काटक, आयुष्यभर रापणीत गेलेले. सिनेमात त्यांना त्यांचंच काम दिलेलं होतं. मी त्यांच्या गंजिफ्रॉकला आतून छोटा माइक लावला तेव्हा म्हणाले, "काय गो चेडवा, ह्या इतक्याशा बोंडातसून माझो आवाज मुंबैक जातलो?" मी म्हटलं, जातलो तातू, तुमी आरडू मातर नकात.

गाऱ्हाणं झकास झालं. बा देवा म्हाराजा, ही पोरां घरदार सोडून हंय इली आसत... मागून तीस माणसांचं "व्हय म्हाराजा." तेंच्या मशनींका खंयची नड येव नको म्हाराजा... "व्हय म्हाराजा." युनिटमधले मुंबईकर हसू दाबत होते. मी रेकॉर्डरजवळ मॉनिटरवर डोळे लावून उभी होते आणि हेडफोनमध्ये मला तातूंचं पुढचं वाक्य लोकांचं "व्हय म्हाराजा" संपायच्या आत सुरू झालेलं ऐकू येत होतं. मला वाटलं, घाई करतायत. चित्रात ओठही मागे वाटत होते, पण वायरलेस मॉनिटरवर चित्र थोडं उशिरा येतंच, त्यामुळे मी ते सोडून दिलं.

त्या संध्याकाळी निखिलने मला बोलावलं. निखिल म्हणजे होमस्टेच्या खोलीत बसून दिवसभराची मेमरी कार्डं कॉपी करणारा आणि चित्र-आवाज जुळतात का ते तपासणारा मुलगा. मुंबईचा, हुशार, तोंडाने तिखट. म्हणाला, "मॅडम, तुमचा टाइमकोड समुद्रात पडला वाटतं." तातूंचा आवाज ओठांच्या आधी येत होता. एक सेकंद सहा फ्रेम.

मी शेजारी बसून पाहिलं. सुरुवातीची क्लॅप, म्हणजे पाटी आपटल्याचा आवाज, चित्रावर फ्रेमला फ्रेम बसत होती, शेवटचीही. नारळ फुटल्याचा आवाज नारळ फुटतानाच येत होता. लोकांचं "व्हय म्हाराजा" त्यांच्या तोंडावर बरोबर होतं, लाटही जागेवर होती. आधी येत होता तो फक्त सहदेवतातूंचा आवाज... एका माणसाचा. तोही फक्त त्यांच्या अंगावरच्या माइकमध्ये नाही, तर समोर स्टँडवर लावलेल्या बूम माइकच्या ट्रॅकवरही. त्याच ट्रॅकवर, जिथे बाकी सगळे बरोबर होते. आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा साधा माइक असतो, त्याच्यात तातूही बरोबर होते.

निखिल म्हणाला, वायरलेस माइकच्या ट्रान्समिटरचा प्रॉब्लेम असेल. मी म्हटलं, ट्रान्समिटरने आवाज उशिरा येतो हे मी समजू शकते. आधी कसा येईल? माणूस बोलायच्या आधी मशीनला काय कळणार? तो म्हणाला, "मग तू काहीतरी हलवलं असशील." आणि त्याने आवाज उचलून ओठांवर बसवला. विषय त्याच्यापुरता संपला.

माझ्यापुरता संपला नाही. सरांनी मला विचारलं होतं, बघशील ना? हे जर माझ्याकडून झालं असेल तर सरांकडची माझी शेवटची चार दिवसांची नोकरी होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. साउंडमध्ये मुली मुळात कमी. त्यात खेड्यातली, इंग्रजी अडखळत बोलणारी. 'तिला जॅमसुद्धा करता येत नाही' हे एक वाक्य पुरलं असतं.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी दोनदाऐवजी चारदा जॅम केलं. दर वेळी कॅमेरा असिस्टंटला समोर उभं करून दोन्ही आकडे वाचून घेतले आणि वहीत त्याची सही घेतली. तो वैतागला, पण सही केली. डबीच्या बॅटऱ्या बदलल्या. तातूंचा माइक काढून दुसऱ्या रापणकराला लावला आणि त्याचा तातूंना. तो बरोबर आला, तातू आधी आले. माझ्या फोनवर तातूंचं बोलणं रेकॉर्ड केलं तर तिथे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी पाच सेकंद. तिसऱ्या दिवशी एकोणीस.

एकोणीस सेकंद म्हणजे काय ते हेडफोन लावल्याशिवाय कळणार नाही. तातू समोर वाळूत जाळं शिवत गप्प बसलेले आहेत आणि कानात त्यांचा आवाज म्हणतो आहे, "ही गाठ बापाशीन शिकयली." मग कानात नुसता समुद्र. आणि मग तातू मान वर करतात, तोंड हलवतात... आणि त्या वेळी हेडफोनमध्ये काहीच नाही. लाटा फक्त. मी एक कान उघडा करायचे, तेव्हा त्या कानात ते वाक्य यायचं. "ही गाठ बापाशीन शिकयली." आमच्या दिग्दर्शक बाईंना हेडफोन आवडत नसत, त्या समोर उभ्या राहून उघड्या कानांनी ऐकत. त्यामुळे हे ऐकणारी मी एकटीच. त्यांना सांगायला गेले तर निखिलने आधीच सांगून ठेवलेलं होतं की साउंडचा सिंक, म्हणजे चित्राशी मेळ, रोज बिघडतो आहे. बाई चांगल्या होत्या, एवढंच म्हणाल्या की तुझे सर येईपर्यंत सांभाळून घे.

शेवटी मी तातूंनाच विचारलं. जेवणाच्या सुट्टीत माडाखाली बसून भात-कालवण खात होते. मी मालवणीतच सांगितलं सगळं – तुमी बोलूच्या आदी माका ऐकाक येता. वाटलं घाबरतील, किंवा देवाचं काहीतरी काढतील. तातूंनी घास संपवला.

"त्येत नवल काय? माझ्या बायलेक इचार. मी तोंड उघडूच्या आदी तिका कळता मी काय बोलतलंय. तुझी मशीन तिच्या माहेरची आसतली."

शेजारचे चौघे पाणी सांडेपर्यंत हसले. मीही हसले. पण वहीत एकोणीसचा आकडा होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी रापणीचं मुख्य दृश्य होतं. ऊन उतरायच्या आत एकदाच मिळणार होतं. होडी जाळं आणि दोर सोडत समुद्रात जाणार आणि आमचा नायक – मुंबईचा तरुण नट, रोहन म्हणू – किनाऱ्यावर खुंटाला बांधलेला तो दोर टोकापाशी धरून उभा राहणार. सकाळच्या तालमीत तातूंनी त्याला बजावलं होतं, "दोरी हाताक गुंडाळूची नाय. धरूची, आणि झटकन सोडूक येयत अशी धरूची." रापणकरांची पोरं चालायला लागली की ही पहिली गोष्ट शिकतात. पण रोहनच्या हातातून दोर सरकत होता, चांगला दिसत नव्हता. मग टेकच्या आधी त्याने मनगटाला तीन वेढे घेतले. कॅमेरामनला ते फार आवडलं. दोर ढिलाच आहे, एका मिनिटाचा शॉट आहे, असं म्हणून सगळे तयार झाले. तातू तेव्हा अंगावर माइक लावून पाठमोरे, लांब बसलेले. त्यांना दिसलं नाही. मला दिसलं, पण मला वाटलं, मी कोण सांगणार?

क्लॅप झाली. होडीचं इंजिन सुरू झालं, ती लांब जाऊ लागली. रोहन मावळतीकडे बघत उभा. सगळं शांत, सुंदर. आणि माझ्या कानात तातू ओरडले.

"हात काड! हात काड रे भायर!"

मी तातूंकडे पाहिलं. ते आता आमच्याकडे तोंड करून वाळूवर उकिडवे बसून विडी पेटवत होते. तोंड बंद.

नंतर मला खूप जणांनी विचारलं – विश्वास नव्हता तर मग केलंस कशाला? विश्वासाचा काय संबंध? चार दिवस माझ्या कानात आधी आलेलं प्रत्येक वाक्य नंतर बोललं गेलं होतं. प्रत्येक. एकही सुटलं नव्हतं. ते माझं रीडिंग होतं. काटा जिथे होता तिथे होता.

सेटवर 'कट' फक्त दिग्दर्शक म्हणतो. दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही, आग लागली तरी नाही, असं सरांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी ओरडले – "कट! रोहन, दोर सोड! हातातून काढ तो!"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. रोहनने चिडून वेढे सोडवले, दोर वाळूत आपटला आणि हात पसरून बाईंकडे पाहिलं. बाई माझ्याकडे चालत येत होत्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या येऊन म्हणाल्या, "काय समजतेस तू स्वतःला?" मी रेकॉर्डर बंदसुद्धा केला नव्हता.

तेवढ्यात होडीवर दोराच्या वेटोळ्यात गुंता अडकला. होडी पूर्ण वेगात होती. वाळूतला दोर एकदम ताठ उभा राहिला, शिट्टी वाजवत गेला, आणि ज्या खुंटाला टोक बांधलं होतं तो जाडजूड खुंट त्याने वाळूतून उपटून पाण्यापर्यंत ओढत नेला. तातू विडी टाकून उठले आणि जिवाच्या आकांताने ओरडले. शब्द तुम्हाला माहीत आहेत.

माझ्या हेडफोनमध्ये फक्त दोराची शिट्टी होती आणि लाटा.

तातू धापा टाकत माझ्याजवळ आले. "मी कोणाक आरडलंय गो? हात तर खंयच नाय होतो." मग स्वतःच म्हणाले, माका वाटला तेचो हात आत आसा. रोहन आपलं मनगट दुसऱ्या हाताने धरून उभा होता.

वाटलं होतं, आता तरी कुणी विचारेल. पण झालं उलटंच. कुणाला काही झालं नाही, म्हणून काही होणारच नव्हतं असं रात्रीच्या जेवणापर्यंत ठरलं. दोर ढिला होता, रोहनने सोडला असता, साउंडवालीने घाबरून टेक घालवला. निखिलने फाइल तपासली. दुसरा कॅमेरा चालूच राहिला होता, त्यामुळे त्याच्यात सगळं होतं. माझ्या रेकॉर्डरवर तातूंची हाक १७ वाजून ४१ मिनिटं ८ सेकंद ११ फ्रेमवर. कॅमेऱ्यात तातूंचे ओठ १७ वाजून ४१ मिनिटं ५१ सेकंद ११ फ्रेमवर. त्रेचाळीस सेकंद. वर एक फ्रेमसुद्धा नाही. माझं "कट" मात्र दोन्हीकडे एकाच जागी – तातूंच्या हाकेच्या नंतर एकीकडे, आधी दुसरीकडे. निखिलने दोन्ही आकडे परत तपासले आणि तो म्हणाला, "टाइमकोड गेलाय. लिहून दे."

दुसऱ्या दिवशी सर आले. त्यांच्या वडिलांना बरं होतं. निर्मात्याच्या माणसाने त्यांना बाजूला घेतलं. साउंड रिपोर्ट म्हणजे रोजचा एक कागद असतो, कुठल्या शॉटला काय रेकॉर्ड झालं त्याचा. त्यात शेरा लिहायचा होता की चारही दिवस टाइमकोडमध्ये असिस्टंटची चूक झाली. मग एडिटवाले तसं धरून चालतील, कुणी पुढे काही विचारणार नाही. सर मला म्हणाले, "लिहून टाक. चुका होतात, माझ्याही झाल्यात. मी तुला काढणार नाही."

खरं सांगते, लिहिणं सोपं होतं. सरांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी मला काढणार नाही म्हणून सांगितलं होतं. घरी कुणाला कळलंसुद्धा नसतं.

मी म्हटलं, "सर, मी जॅम केलं होतं." आणि वही त्यांच्यासमोर ठेवली. बारा नोंदी, बारा सह्या. सरांनी एकेक पान पाहिलं. मग विचारलं, "तुला काय म्हणायचंय? भूत होतं?"

"नाही सर. भूत मी म्हणणार नाही. पण चूकही म्हणणार नाही. जे आलं ते लिहीन."

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं – 'टाइमकोड बरोबर. सहदेव यांचा आवाज ४३ सेकंद आधी. कारण माहीत नाही.' आणि सही केली.

सरांनी कागद वाचला. बाहेर निर्मात्याचा माणूस वाट बघत होता. सरांनी विचारलं, "त्रेचाळीस सेकंद आणि फ्रेम किती?"

"शून्य, सर."

त्यांनी माझ्या '४३ सेकंद'पुढे '०० फ्रेम' असं लिहिलं. आकडा पूर्ण लिहायचा असतो. मग माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि कागद बाहेर नेऊन दिला.

त्याच दिवशी सरांनी हेडफोन लावून तातूंचं एक दृश्य रेकॉर्ड केलं. तातू अगदी बरोबर. फ्रेमला फ्रेम. त्यानंतरही शेवटपर्यंत बरोबर. म्हणजे सरांनी स्वतः ते एकदाही ऐकलं नाही. सही मात्र केली. त्याबद्दल आम्ही आजवर बोललेलो नाही. मी अजून त्यांच्याकडेच आहे.

सिनेमा झाला. त्यात तातूंचा आवाज ओठांवर नीट बसवलेला आहे, बघणाऱ्याला काही कळत नाही. मूळ फाइल्स माझ्याकडे नाहीत, म्हणून पुरावा मागू नका. माझ्याकडे वही आहे आणि त्या रिपोर्टचा फोटो आहे. तातू ठणठणीत आहेत, आंब्याच्या दिवसांत पेटी पाठवतात, फोनवर अजून विचारतात, मशीन माहेराक गेली काय गो?

मी पुस्तकं पाहिली, कॉलेजातल्या सरांनाही जाऊन भेटले. त्यांनी तासभर प्रश्न विचारले, वही दोनदा वाचली आणि शेवटी म्हणाले, मला माहीत नाही. पदवीला शिकवणाऱ्या माणसाने एवढ्या सरळपणे असं म्हणावं, याचं मला फार बरं वाटलं. मलाही माहीत नाही.

खाली तुम्ही काय लिहाल ते मला ठाऊक आहे. मनाचे खेळ म्हणा, योगायोग म्हणा, माझी हरकत नाही. पण 'जॅम करायला विसरली असेल' असं मात्र लिहू नका. बारा सह्या आहेत माझ्याकडे.